वीस सेंटांत काय मिळतं? आयकॅनच्या उत्तरदायित्वाचा एका ग्राहकाने केलेला रिव्ह्यू

डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट यांपैकी कुठलंही डोमेन रिन्यू करा, बिलाच्या तळाशी एक चिल्लर रक्कम असते. काही रजिस्ट्रार, म्हणजे आपल्याला डोमेन विकणाऱ्या कंपन्या, ती वेगळी दाखवतात, काही किमतीतच मिसळून टाकतात. वर्षानुवर्षं ती १८ सेंट होती, जुलै २०२५ पासून २० सेंट झाली. म्हणजे आपले सतरा-अठरा रुपये. हे पैसे रजिस्ट्रारच्या हातून लॉस एंजेलिसच्या आयकॅनकडे जातात. इंटरनेटवरच्या नावांची आणि पत्त्यांची मूळ वही सांभाळणारी ही संस्था. डॉट इन किंवा डॉट भारत घेतलंत तर ही पट्टी लागत नाही, तो कारभार वेगळा.

सतरा रुपयांचा कुणी रिव्ह्यू लिहितं का? रिक्षावाल्याने दोन रुपये सुटे दिले नाहीत तरी आपण सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी टाकतो. मग इथे का नको?

मी पुण्यात एका बँकेत डिझास्टर रिकव्हरीचं काम बघते. मुख्य डेटा सेंटर बंद पडलं असं धरून सगळा कारभार दुसऱ्या शहरातल्या सेंटरवर हलवायचा, तिथून दिवसभर खरे व्यवहार चालवायचे आणि मग परत यायचं, ही आमची डीआर ड्रिल. रिझर्व्ह बँकेला त्याचे कागद द्यावे लागतात. शिवाय माहेरच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट माझ्याच गळ्यात आहे. वाचनालय शंभरी ओलांडलेलं, डोमेन डॉट ऑर्ग. तेव्हा ही सेवा मी ग्राहक म्हणूनही वापरली आहे आणि पोटापाण्याच्या सवयीने तपासलीही आहे.

आधी चांगलं सांगते. वाचनालयाचं डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे होतं त्याला सोडायचं ठरवलं, तर तो ऑथ कोड देईना. हा कोड हातात आल्याशिवाय नवा रजिस्ट्रार डोमेन घेऊच शकत नाही. नियम असा की मागितल्यापासून पाच दिवसांत तो द्यायचा. चॅटवरचा मुलगा रोज तेच म्हणायचा, ‘‘टीमकडे एस्केलेट केलंय, मॅडम.’’ टीम कुठे असते ते देवाला माहीत. शेवटी आयकॅनच्या साइटवर ट्रान्सफरच्या तक्रारीचा फॉर्म भरला. डोमेनचं नाव, कोड कधी आणि कसा मागितला, उत्तर काय आलं, स्क्रीनशॉट. तिकीट नंबर आला, कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या विभागाच्या, माणसाने एक नेमका प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. मग रजिस्ट्रारला नोटीस गेली असावी, कारण कोड अचानक इनबॉक्समध्ये हजर, सोबत ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’.

ही खिडकी चालते. चालते कारण तिच्यामागे चढती शिडी आहे: पहिली नोटीस, दुसरी, तिसरी, मग कराराचा भंग झाल्याची जाहीर नोटीस आणि शेवटी मान्यता रद्द. रजिस्ट्रारला माहीत असतं की वरच्या पायरीवर धंदाच जातो, आणि तसे धंदे गेलेलेही आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. किंमत जास्त लावली, साइटवर कुणी खोटं लिहिलं, डॉट इनचा घोळ झाला, यांपैकी कशासाठीही या खिडकीवर उभं राहू नका. विनम्र नकार मिळेल.

पण वीस सेंटांतला मोठा वाटा या खिडकीसाठी नसतो. ‘आम्ही चुकलो तर आम्हाला जाब विचारता येईल’ हे जे आश्वासन आहे ना, खरा माल तो. त्याची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल.

आयकॅन १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ना-नफा संस्था म्हणून स्थापन झाली. तिच्या डोक्यावर अमेरिकी वाणिज्य खात्याच्या एनटीआयए या विभागाचं कंत्राट होतं. कंत्राट दुसऱ्याला देऊ, ही धमकी कुणी उच्चारली नाही तरी टेबलावर असायचीच. १४ मार्च २०१४ ला एनटीआयएने जाहीर केलं की आम्ही या भूमिकेतून बाहेर पडणार. मग पुढचा प्रश्न: डोक्यावरचा हात गेल्यावर या संचालक मंडळाला आवरणार कोण? त्यासाठी जगभरच्या मंडळींची एक समिती बसली. तिने जे संरक्षक उपाय सुचवले ते टिकतात का हे बघायला स्ट्रेस टेस्ट लिहिल्या गेल्या. ते काम स्टीव्ह डेलबियांको यांच्या गटाने केलं. फेब्रुवारी २०१६ च्या अंतिम अहवालात त्या पंधराव्या परिशिष्टात आहेत, ३० हून जास्त.

परिशिष्ट वाचायला मजा येते, खरंच सांगते. आमच्या रिस्क विभागाच्या कागदांपेक्षा कल्पनाशक्ती कितीतरी जास्त. डोमेनचा बाजारच कोसळला तर? मोठा घोटाळा झाला तर? मुख्याधिकारी संस्थेच्या कामाबाहेर हातपाय पसरायला लागला तर? एखाद्या गटाने सभासद घुसवून आख्खी शाखा ताब्यात घेतली तर? लवादाचा निर्णय मंडळाने धुडकावला तर? आणि माझी आवडती: कुणी तक्रारींच्या या सोयींचाच इतका मारा केला की संस्था ठप्प झाली तर? प्रत्येक प्रसंगासमोर दोन रकाने. आत्ताचे उपाय पुरतात का, आणि नवे उपाय आले तर पुरतील का.

सगळ्यात जास्त धूर निघाला तो अठरा नंबरच्या टेस्टमधून. आयकॅनमध्ये सरकारांची एक सल्लागार समिती आहे. तिचा सल्ला मंडळाला नाकारायचा असेल तर आधी दोघांना मान्य होईल असा तोडगा शोधावा लागतो. समिती सल्ला देते तो एकमताने, म्हणजे एकाही देशाने उघड हरकत घेतली नसेल तर. अठरा नंबरने विचारलं: उद्या सरकारांनी आपला नियम बदलून बहुमताने सल्ला द्यायला सुरुवात केली तर? निम्म्याहून एक जास्त देशांनी हात वर केला आणि मंडळ बांधलं गेलं, असं होईल. प्रश्न साधा, पण फ्रान्ससारख्या देशांना तो झोंबला. आमच्याच समितीवर संशय का, म्हणून. शेवटी जमलेला सौदा बघा. विशेष वजन फक्त कुणाचीच हरकत नसलेल्या सल्ल्याला, आणि तसा सल्ला नाकारायचा तर मंडळाला साधं बहुमत पुरणार नाही, ६० टक्के मतं लागतील. दोन्ही बाजूंच्या पदरात काहीतरी पडलं. शिवाय असा सल्ला मंडळाने पाळला म्हणून बाकीच्यांनी मंडळाला आव्हान दिलं, तर त्या निर्णयात सरकारांना मत नाही. कागदावरच्या एका ‘समजा’ने उपविधी बदलले. स्ट्रेस टेस्टने याहून जास्त काय करायचं असतं? या एका टेस्टसाठी माझ्याकडून पैकीच्या पैकी.

अहवालाला मार्च २०१६ मध्ये माराकेशच्या सभेत मान्यता मिळाली, मे महिन्यात नवे उपविधी आले. ३० सप्टेंबरला चार अमेरिकी राज्यांनी टेक्सासच्या न्यायालयात स्थगिती मागून बघितली, मिळाली नाही, आणि मध्यरात्री कंत्राट संपलं.

त्यानंतरची पहिली सभा हैदराबादला होती, ३ ते ९ नोव्हेंबर. या सभांना प्रवेश फुकट असतो, मी सुट्टी टाकून रात्रीच्या बसने गेले. तारखा बघितल्यात का? आठ नोव्हेंबरच्या रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या. जगभरातून आलेले लोक दिवसभर ‘आकस्मिक संकट आलं तर संस्थेचं काय’ यावर बोलून दमले होते, आणि सकाळी हॉटेलच्या काउंटरवर हातात गांधीजींच्या नोटा धरून विचारत होते की विमानतळापर्यंत टॅक्सी कशी करायची. एटीएम बंद, बँका बंद. परिशिष्टात हा प्रसंग नव्हता. एका आफ्रिकी गृहस्थांना मी शंभराच्या दोन नोटा दिल्या, त्यांनी मला त्यांचं व्हिजिटिंग कार्ड दिलं.

आता मुख्य तक्रार. मंडळाला आवरण्यासाठी जी रचना केली तिला म्हणतात एम्पावर्ड कम्युनिटी. पाच गट: आयपी पत्तेवाले (म्हणजे इंटरनेटवरचे आकडी पत्ते वाटणारे), देशांच्या डोमेनवाले, डॉट कॉमसारख्या डोमेनवाले, सामान्य वापरकर्त्यांचे प्रतिनिधी आणि सरकारं. यांना अंदाजपत्रक फेटाळता येतं, उपविधीतला बदल अडवता येतो, संचालक काढता येतो, वेळ पडली तर मुख्याधिकारी सोडून आख्खं मंडळ घरी पाठवता येतं. मंडळ घालवायला पाचांपैकी चारांचा पाठिंबा हवा आणि विरोध एकापेक्षा जास्त नको. वाचायला भारदस्त.

डीआरवाल्या बाईचा पहिला प्रश्न: वेळ किती लागतो? फेटाळायचं असेल तर २१ दिवसांत अर्ज, ७ दिवसांत दुसऱ्या गटाचा पाठिंबा, मग २१ दिवस चर्चा, मग २१ दिवसांत निर्णय. जवळपास सत्तर दिवस. तेवढ्या काळात पाच गटांनी आपापल्या लोकांना विचारायचं. कुणाची परिषद मतदान घेते, कुणाची समिती ईमेलवर सहमती शोधते, सरकारांना राजधानीतून निरोप यावा लागतो. शिडी सुबक आहे, पण तिच्यावर पूर्ण चढून आजवर कुणी बघितलेलं नाही. २०१७ मध्ये जोहान्सबर्गच्या सभेत ही रचना पहिल्यांदा वापरली गेली, ती कशासाठी? पुनर्विचाराचे अर्ज मंडळाच्या एका उपसमितीकडून काढून दुसऱ्या उपसमितीकडे देण्याला मान्यता द्यायला. सगळ्यांचा होकार. म्हणजे अग्निशमन दलाचा बंब पहिल्यांदा बाहेर काढला तो गावाच्या मिरवणुकीत.

माझ्या धंद्यात दोन प्रकारच्या चाचण्या असतात. एक टेबलटॉप: खोलीत बसायचं, ‘समजा भूकंप झाला’ म्हणायचं, कोण काय करेल ते तोंडी सांगायचं. दुसरी खरी: स्विच ओढायचा. टेबलटॉपमध्ये सगळे पास होतात. स्विच ओढल्यावर कळतं की डीआर साइटच्या फायरवॉलमध्ये एका जिल्ह्याच्या शाखा घातलेल्याच नाहीत, किंवा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो लग्नाला गेला आहे. आयकॅनच्या स्ट्रेस टेस्ट पहिल्या प्रकारच्या होत्या. प्रसंग किती संभाव्य आहे याचा अंदाजही त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला होता. उपाय अस्तित्वात आहे का, एवढंच तपासलं. तो वेळेत पोचेल का, परवडेल का, दमलेले स्वयंसेवक तो उचलतील का, याला रकानाच नाही.

आणि याच संस्थेला खरी ड्रिल जमत नाही असं नाही, म्हणून जास्त चिडचिड होते. डोमेन व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या डिजिटल किल्लीचा समारंभ वर्षातून चारदा होतो, कॅलिफोर्नियात एल सेगुंडोला किंवा व्हर्जिनियात कल्पेपरला, कॅमेऱ्यासमोर, बाहेरच्या साक्षीदारांसह. फेब्रुवारी २०२० मध्ये समारंभाचं साहित्य ठेवलेली एल सेगुंडोची तिजोरी उघडेना. कुलूपच बिघडलं. समारंभ पुढे ढकलला, कुलूपवाल्याने तिजोरी ड्रिल मारून उघडली, चार-पाच दिवसांनी सगळं पार पडलं आणि काय झालं ते जाहीरपणे सांगितलं. माझ्या दृष्टीने आयकॅनच्या इतिहासातली ही सगळ्यात विश्वास वाटायला लावणारी घटना. कुलूप बिघडतं हे कळलं, कारण कुणीतरी ते खरंच फिरवून बघितलं.

उत्तरदायित्वाचं कुलूप फिरवायची वेळ डॉट ऑर्गच्या वेळी आली. जून २०१९ मध्ये आयकॅनने डॉट ऑर्गच्या दरवाढीवरची कमाल मर्यादा काढून टाकली. लोकांकडून आधी सूचना मागवल्या होत्या, तीन हजारांहून जास्त आल्या, जवळजवळ सगळ्या विरोधात. निर्णय तरीही झाला, आणि मंडळाच्या ठरावाने नाही, कर्मचारी पातळीवर. नोव्हेंबरमध्ये बातमी आली की डॉट ऑर्ग चालवणारी संस्था ईथॉस कॅपिटल नावाच्या खाजगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकली जाणार. ईथॉसच्या सल्लागारांत आयकॅनचे माजी मुख्याधिकारी फादी शेहादे. वाचनालयाच्या अध्यक्षांना, आप्पांना, मी फोनवर हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘ताई, आपल्या गल्लीचं नाव विकायला काढलंय की काय?’’ साधारण तेच.

मग काय चाललं? एम्पावर्ड कम्युनिटीची सत्तर दिवसांची शिडी नाही चालली. जगभरच्या ना-नफा संस्थांनी आरडाओरडा केला, वर्तमानपत्रं लिहीत राहिली आणि १५ एप्रिल २०२० ला कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता हावियर बेसेरा यांचं कडक पत्र आलं. ३० एप्रिलला मंडळाने हस्तांतराला संमती नाकारली. कारणांत नव्या मालकाच्या डोक्यावर येणारं ३६ कोटी डॉलरचं कर्जही होतं. निकाल चांगला लागला, मी पेढे वाटले. पण प्रामाणिकपणे नोंद करायची तर आमच्या भाषेत ती अशी होईल: मुख्य यंत्रणा सुरू झाली नाही, शेजारच्या जनरेटरवर भागलं. अमेरिकी सरकारचा हात बाजूला केला आणि ऐन वेळी एका अमेरिकी राज्याच्या कायदे अधिकाऱ्याचं पत्र उपयोगी पडलं.

दरमर्यादेचं काय? त्यावर नेमचीप या रजिस्ट्रार कंपनीने २०२० च्या सुरुवातीला स्वतंत्र लवादाकडे दाद मागितली. निकाल डिसेंबर २०२२ मध्ये. लवादाने सांगितलं की असा निर्णय मंडळाने उघडपणे घ्यायला हवा होता, आयकॅनने काही बाबतींत स्वतःचे उपविधी मोडले. जवळजवळ तीन वर्षं लागली, आणि मर्यादा काही परत आली नाही. २०१६ च्या उपविधींप्रमाणे अशा तक्रारींसाठी किमान सात जणांचं कायम लवाद मंडळ तयार असायला हवं होतं; कित्येक वर्षं ते नेमलंच गेलं नाही, प्रत्येक प्रकरणाला नव्याने पंच शोधायचे. पंचांचा खर्च आयकॅन उचलते हे चांगलं, पण वकील ज्याचा त्याचा. गावचं वाचनालय यात कुठे बसतं सांगा. पुनर्विचाराचा अर्ज फुकट आहे, तीस दिवसांत करायचा, तो जातो मंडळाच्याच समितीकडे आणि बहुतेक वेळा नाकारला जातो.

एका ठिकाणी मात्र ही मंडळी घट्ट उभी राहिली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनने रशियाचं डॉट आरयू बंद करा अशी विनंती केली. उत्तर दोन दिवसांत: हे आमचं काम नाही, आम्ही कुणाचं डोमेन शिक्षा म्हणून काढत नाही. मन युक्रेनकडे असूनही मला ते उत्तर पटलं.

तुलना हवी असेल तर आयपी पत्ते वाटणाऱ्या आफ्रिनिककडे बघा. ही आफ्रिकेसाठीची संस्था, कार्यालय मॉरिशसमध्ये एबेनला. मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथली मराठी मंडळी आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आठवते. तिथल्या न्यायालयात काय चाललं होतं ते आठवत नाही. साठ लाखांहून जास्त पत्ते असलेल्या एका सभासद कंपनीशी वाद झाला, २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने आफ्रिनिकची बँक खाती गोठली, मग संचालक मंडळाची गणसंख्या पुरेना, मुख्याधिकारी नाही, २०२३ मध्ये न्यायालयाने कारभार बघायला रिसीव्हर नेमला. जून २०२५ ची निवडणूक मुखत्यारपत्रांवरून झालेल्या वादात रद्द झाली, सप्टेंबरमध्ये पुन्हा घेतली तेव्हा कुठे मंडळ आलं. अशा संस्थांना मान्यता कशी द्यायची याचा दस्तऐवज २००१ चा आहे. दिलेली मान्यता काढायची कशी हे त्यात नाहीच, ते आता लिहायला घेतलंय. आणि आयकॅनच्या त्या पाच गटांतला आयपी पत्तेवाल्यांचा गट ज्या पाच संस्थांवर उभा आहे त्यांतली ही एक.

तर पाचांपैकी किती तारे? तक्रारीच्या खिडकीला चार. अठरा नंबरच्या टेस्टला पाच. बाकी उत्तरदायित्वाला अडीच, तेही कागद उघड्यावर ठेवतात म्हणून. दुसरी कुठली संस्था स्वतःच्या नाशाचे प्रसंग इतक्या तपशिलात छापते?

तुमचं डॉट ऑर्ग असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. रिन्युअलचा दर वाढवायचा असेल तर रजिस्ट्रीला, म्हणजे डॉट ऑर्ग चालवणाऱ्या संस्थेला, सहा महिने आधी कळवावं लागतं आणि त्या काळात जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचं रिन्युअल करून ठेवता येतं. आम्ही वाचनालयाचं पूर्ण दहा वर्षांचं भरून टाकलं. कार्यकारिणीत आप्पांनी विचारलंच, ‘‘दहा वर्षांचे पैसे आत्ताच? कमिटी तरी टिकेल का दहा वर्षं?’’ खजिनदार म्हणाले, कमिटीचं माहीत नाही, पुस्तकं टिकतील. ठराव मंजूर.

आयकॅनकडे माझी मागणी एकच आहे, आणि वीस सेंटांत बसणारी आहे. वर्षातून एकदा खोटं अंदाजपत्रक मांडा, ‘ड्रिल’ असा शिक्का मारून, आणि पाचही गटांना ते सत्तर दिवसांत खरोखर फेटाळायला लावा. घड्याळ लावून. कुठला गट कितव्या दिवशी अडकला, कुणाचा निरोप राजधानीतून आलाच नाही, ते तिजोरीच्या कुलपासारखं जाहीर करा. पहिल्या वर्षी नापास झालात तर मी आणखी अर्धा तारा वाढवून देईन.